पेस्टची लेखनसीमा

ऐप्पसी महिन्यातला पाऊस तंजावरला लागला की दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. अशाच एका दुपारी राजवाड्याजवळच्या एका वीधीतल्या घराच्या माडीवर मी बसलो होतो. त्या घरातली मुलगी समोर लॅपटॉपवर काम करत होती. बाहेर तमिळ आणि घरात तंजावरी मराठी बोलणारं हे कुटुंब. पणजोबांच्या वेळचे जमिनीचे मोडी कागद त्यांनी कापडात बांधून जपून ठेवले आहेत. त्यातल्या नोंदी वाचून तिनं देवनागरीत उतरवल्या होत्या. 'यादी' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये चारशेच्या वर ओळी झाल्या होत्या. ती फाइल तिच्या शिक्षणसंस्थेच्या जुन्या सर्व्हरवर होती. त्या दिवशी वर्ड प्रोसेसरमध्ये तयार केलेल्या आणखी वीस ओळी तिला त्यात घालायच्या होत्या.

तिनं ओळी कॉपी केल्या आणि टर्मिनलच्या काळ्या खिडकीत पेस्ट केल्या. फाइल एडिटरमध्ये उघडी आहे अशी तिची समजूत होती, पण एडिटर तिनं मघाशीच बंद केला होता. खिडकीत नुसतं शेल बसलं होतं. क्षणात पडदा भरला: अमुक कमांड सापडली नाही, तमुक कमांड सापडली नाही, एकाखाली एक वीस तक्रारी. तिनं घाईनं 'यादी' उघडून पाहिली. फाइल रिकामी होती. आकार शून्य बाइट.

"काका, मी एंटर दाबलंच नाही हो," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिनं एंटर दाबलं नव्हतं, तरी एंटर वीस वेळा दाबलं गेलं होतं. कमांड लाइनवर पेस्टचे आणि कळांचे जे घोळ होतात, त्यांतले बरेचसे या एका विधानात सापडतात.

शेल म्हणजे आपण टाइप केलेली आज्ञा वाचून ती कार्यप्रणालीकडून करून घेणारा प्रोग्रॅम. बॅश आणि झेडशेल ही त्याची नेहमीची रूपं. शेलला कीबोर्ड दिसत नाही, बोटं दिसत नाहीत, क्लिपबोर्ड तर नाहीच. टर्मिनलकडून त्याच्याकडे एकामागून एक बाइट येत राहतात. 'ल' टाइप केला काय किंवा कुठून तरी उचलून आणून डकवला काय, येणारे बाइट तेच. एंटर दाबलं की १३ हा अंक जातो. पेस्ट केलेल्या मजकुरात ओळ संपते तिथंही टर्मिनल बहुधा तोच १३ पाठवतं. शेलच्या दृष्टीनं दोन्हींत काडीचा फरक नसतो. ओळ संपली, म्हणजे आज्ञा पुरी झाली, म्हणजे करा अंमल.

फाइल रिकामी कशी झाली? वीस ओळींत एके ठिकाणी तिनं स्वतःसाठी खूण केली होती: जमा > यादी. म्हणजे ही जमेची रक्कम मूळ यादीशी ताडून पाहायची. शेलच्या भाषेत या बाणाचा अर्थ अगदी वेगळा आहे. डावीकडच्या आज्ञेचं जे उत्तर येईल ते उजवीकडच्या फाइलमध्ये लिहा, आणि त्याआधी ती फाइल कोरी करा. 'जमा' नावाची आज्ञा अस्तित्वातच नाही, मग फाइल तरी का पुसली जावी, असं कुणालाही वाटेल. पण शेल आधी बाणाचं काम उरकतं आणि नंतर आज्ञा शोधायला निघतं. आज्ञा सापडली नाही हे कळेपर्यंत फाइल कोरी होऊन गेलेली असते. चारशे ओळींचं काम एका बाणानं गेलं. चार दिवसांपूर्वीची एक प्रत लॅपटॉपवर होती, म्हणून बहुतेक काम हाती राहिलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता हे का झालं ते मला नीट सांगा."

त्या घरात हे समजावण्यासाठी मला लांब जावं लागलं नाही. मोडी कागद शेजारीच पसरलेले होते.

मोडी लिहिणारा आधी ओळ आखून घेतो आणि मग बोरूनं हात फारसा न उचलता अक्षराला अक्षर जोडत जातो. शब्द तोडून लिहायची चाल नव्हती. एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, हे वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. शेलकडे येणारा बाइटांचा प्रवाहही असाच सलग असतो. मोडी वाचणाऱ्याजवळ निदान अनुभव असतो. शेलजवळ तोही नाही.

पण मराठी दरबारी पत्रांत एक शहाणी सोय होती. पत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का पडत असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरचा 'मर्यादेयं विराजते' हा शिक्का मराठी वाचकाला परिचित आहे. इतर काही शिक्क्यांवर 'लेखनसीमा' असाच शब्द येतो. मजकूर इथं संपला, याच्या पुढं कुणी काही लिहिलं असेल तर ते आमचं नव्हे, एवढंच तो शिक्का सांगतो. उरलेल्या कोऱ्या जागेत कुणी एखादं गाव किंवा एखादी रक्कम वाढवू नये म्हणून केलेली ही व्यवस्था.

पेस्टला नेमकी हीच व्यवस्था हवी होती, आणि ती पुढं आलीही. इंग्रजीत तिला ब्रॅकेटेड पेस्ट म्हणतात. म्हणजे कंसात घातलेली पेस्ट. शेल तयार झालं की ते टर्मिनलला एक गुप्त निरोप धाडतं: यापुढं डकवलेला मजकूर शिक्का मारून पाठव. मग आपण पेस्ट केलं की टर्मिनल आधी एक खूण पाठवतं: एस्केपचा बाइट, एक चौकटी कंस, २०० हा आकडा आणि ~ हे चिन्ह. त्यानंतर मजकूर जातो आणि शेवटी तशीच खूण, फक्त २०० च्या जागी २०१. या दोन शिक्क्यांच्या मधे जे आलं ते बोटांनी टाइप केलेलं नाही, एवढं शेलला आता कळतं. मधे कितीही ओळी असल्या तरी त्या ते एका गठ्ठ्यात धरून ठेवतं. कुठलीही आज्ञा ते स्वतःहून चालवत नाही. माणूस पाहतो, वाचतो आणि हवं असेल तर स्वतःच्या बोटानं एंटर दाबतो.

झेडशेलनं ही सोय २०१५ मध्ये ५.१ या आवृत्तीत घेतली. बॅशमध्ये ती ४.४ पासून आली, पण बंद स्थितीत. ती आपोआप चालू राहू लागली ५.१ मध्ये, डिसेंबर २०२० ला. जुन्या सर्व्हरवरचं बॅश त्याहून आधीचं होतं. शिक्का नव्हताच, म्हणून गठ्ठा सुटा सुटा होऊन आत शिरला. ॲपलच्या संगणकांबरोबर येणारं बॅश तर अजून ३.२ म्हणजे २००६ सालच्या पिढीतलं आहे, तिथंही ही सोय नाही. या संगणकांवर २०१९ पासून झेडशेल मुख्य झालं, त्यामुळं नव्या वापरकर्त्याला याची झळ सहसा लागत नाही.

शिक्का आला म्हणजे सगळं संपलं असं मात्र नाही. शिक्का मारणारा आणि शिक्का ओळखणारा, दोघं जागेवर असले तरच व्यवस्था चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे नवीनच प्रकार झाला. दूरच्या दुसऱ्या एका, नव्या बॅशच्या सर्व्हरशी जोडलेलं कनेक्शन मधेच तुटलं. पुन्हा काही पेस्ट केलं की आधी ००~ आणि शेवटी ०१~ अशी विचित्र शेपटी दिसू लागली. कारण साधं होतं. दूरच्या शेलनं 'शिक्के मारून पाठव' असं टर्मिनलला सांगितलं होतं, पण 'आता पुरे' हे सांगण्याआधीच ते गेलं. टर्मिनल आज्ञाधारकपणे शिक्के मारत राहिलं आणि समोरच्या जुन्या प्रोग्रॅमला ते वाचता येईनात. त्याला कळला तेवढा भाग त्यानं गिळला आणि उरलेली शेपटी अक्षरं म्हणून छापली. उपाय एका शब्दाचा: 'रीसेट' ही आज्ञा रोमनमध्ये टाइप करून एंटर. टर्मिनल मूळ स्थितीला येतं आणि शेपट्या जातात. नव्या वापरकर्त्याला ००~ दिसलं की संगणकात व्हायरस शिरल्याचं वाटतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कळांची गोष्ट आणखी जुनी आहे. कंट्रोल ही कळ दुसऱ्या कळेबरोबर दाबली की नेमकं काय होतं? आस्की नावाची अक्षरांकांची सारणी १९६३ मध्ये ठरली. त्या काळी टेलिटाइप ही कागदावर छापणारी यंत्रं टर्मिनल म्हणून वापरत. त्या सारणीत 'एम' चा अंक ७७ आहे. कंट्रोलबरोबर दाबला की त्यातून ६४ वजा होतात आणि उरतात १३. म्हणजेच एंटर. 'आय' चा अंक ७३, त्यातून ६४ गेले की ९. म्हणजेच टॅब. डावा चौकटी कंस ९१, त्यातून ६४ गेले की २७. म्हणजेच एस्केप. म्हणून कुणी हौसेनं कंट्रोल-आय ला वेगळं काम बांधलं की त्याची टॅबची कळही बिघडते. फाइलचं नाव आपोआप पुरं होत नाही आणि माणूस कीबोर्ड बदलायला निघतो. कीबोर्ड ठणठणीत असतो. शेलपर्यंत दोन्ही कळांचा एकच ९ पोचतो, मग त्यानं फरक करावा कसा?

बाणांच्या, होमच्या कळांसाठी आस्कीत जागाच नाही. त्यांच्यासाठी एस्केपपासून सुरू होणारे लांब निरोप ठरवले गेले. १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलची पद्धत आजवर चालत आली आहे. वरचा बाण म्हणजे एस्केप, चौकटी कंस आणि रोमन मोठं 'ए'. होमच्या कळेसाठी मात्र वेगवेगळ्या टर्मिनलांनी वेगवेगळे निरोप ठरवले. म्हणून घरच्या संगणकावर होम चालतं आणि सर्व्हरवर ~ उमटतं.

अशा वेळी तर्क लढवत बसण्यापेक्षा शेलकडे काय पोचतंय ते डोळ्यांनी पाहावं. त्यासाठी कंट्रोल-व्ही आहे. इथंच पुष्कळ जण फसतात, कारण इतर सगळीकडे कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट. शेलमध्ये त्याचा अर्थ 'पुढची कळ जशी येईल तशी लिही, तिच्यावर अंमल करू नकोस' असा आहे. नवा माणूस कंट्रोल-व्ही दाबतो, पेस्ट होत नाही, वैतागून बाण दाबतो आणि पडद्यावर ^[[ सारखं काहीतरी उमटतं. शेलनं त्याचं म्हणणं अगदी निष्ठेनं पाळलेलं असतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये पेस्टसाठी बहुधा कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबावं लागतं. पण कंट्रोल-व्ही हाच शोधाचा उत्तम दिवा आहे. ते दाबा आणि बिघडलेली कळ दाबा. ^[ दिसलं तर तो एस्केप. पुढं [३~ आलं तर ती डिलीटची कळ. बॅशला हा निरोप माहीत नसेल तर घरच्या फोल्डरमधल्या .इनपुटआरसी या फाइलमध्ये (रोमन अक्षरांत) हा निरोप लिहायचा, पुढं अपूर्णविराम (:) आणि त्याच्यापुढं कामाचं नाव. 'बाइंड -पी' म्हटलं की बॅश आपल्याकडच्या सगळ्या जोडण्यांची यादी देतं.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर झेडशेल होतं, आणि तिथं जुन्या आज्ञा शोधणारी कंट्रोल-आर ही कळ अचानक मुकी झाली होती. कंट्रोल-ए दाबलं तर ओळीच्या सुरुवातीला जाण्याऐवजी ^ए उमटायचं. मी तिला विचारलं, गेल्या काही दिवसांत सेटिंगच्या फाइलमध्ये काही लिहिलंस का? तिला आठवलं. कुणाच्या तरी सल्ल्यावरून तिनं 'एडिटर' या नावापुढं 'व्हिम' लिहिलं होतं. कळांशी त्याचा काही संबंध असेल अशी शंकाही कुणाला येणार नाही. पण झेडशेल सुरू होताना हे नाव पाहतं आणि त्यात रोमन 'व्ही' आणि 'आय' ही दोन अक्षरं सलग दिसली की आपल्या साऱ्या कळा व्हीआय या जुन्या एडिटरच्या पद्धतीच्या करून टाकतं. सेटिंगमध्ये 'बाइंडकी -ई' ही एक ओळ घातली की नेहमीच्या कळा परत येतात. ती ओळ लिहून तिनं नवी खिडकी उघडली, कंट्रोल-आर दाबलं आणि शोधाची ओळ उघडलेली पाहून तिचा चेहरा आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा खुलला.

ज्यांना व्हीआय पद्धत आवडते, त्यांना मराठीत लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना एच, जे, के, एल या हालचालीच्या कळांवर प, र, क, त ही अक्षरं असतात. शेलला 'जे' हवा असतो आणि त्याच्यापर्यंत 'र' पोचतो. कर्सर हलत नाही. इथं बिघाड कशातच नाही, फक्त भाषा बदलायची राहिलेली असते.

मराठी मजकूर शेलमध्ये डकवताना जे घडतं त्याकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून त्यावर जरा थांबतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ च्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली आणि तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं आहे. सर्व्हरवरची भाषेची सेटिंग जुनाट, म्हणजे नुसती 'सी' असेल तर शेल प्रत्येक बाइटला अक्षर समजतं. एक 'क' पुसायला बॅकस्पेस तीनदा दाबावी लागते. एकदाच दाबली तर मोडका बाइट ओळीत राहतो आणि पुढची आज्ञा फसते. 'लोकेल' ही आज्ञा देऊन तिच्या उत्तरात यूटीएफ-८ दिसतंय ना, एवढं आधी पाहावं.

आणि मग आपला 'ऱ्य'. कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या या शब्दांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवतात. काही कीबोर्ड नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त जोडतात. काही साधा 'र', मग हलन्त आणि त्याच्यापुढं डोळ्यांना न दिसणारा एक जोडचिन्हाचा संकेत घालतात. पडद्यावर दोन्ही रूपं हुबेहूब सारखी दिसतात. मुलीच्या यादीत 'कऱ्हाडे' हा शब्द सात ठिकाणी होता. ग्रेप या शोधाच्या आज्ञेला तो सापडला तीन ठिकाणी. उरलेले चार वर्ड प्रोसेसरमधून पेस्ट होऊन आले होते. आम्ही 'हेक्सडम्प -सी' नं दोन्ही ओळींचे बाइट शेजारी शेजारी ठेवले. एकीत मधेच ई२ ८० ८डी हे तीन बाइट होते. तो न दिसणारा जोड. ती कितीतरी वेळ त्या तीन जोड्यांवर बोट ठेवून बसली होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद बहुधा पाळत नाहीत, तो संदर्भावरून लावावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. दिसायला एक आणि लिहायला दोन असा उलटा प्रकार तिनं पहिल्यांदाच पाहिला.

वर्ड प्रोसेसर आणखीही काही गोष्टी गुपचूप बदलतो. दोन उभ्या अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतो, सलग दोन वजाबाकीच्या चिन्हांची एक लांब रेघ करतो आणि साध्या मोकळ्या जागेऐवजी कधी कधी न तुटणारी जागा घालतो. शेलला यातलं काहीच कळत नाही. आज्ञा अक्षरशः बरोबर दिसते आणि तरी 'सापडली नाही' असं उत्तर येतं. मजकूर आधी साध्या एडिटरमधून काढून घेतला की हे बहुतेक कळतं. न दिसणाऱ्या गोष्टी पाहायच्या असतील तर 'कॅट -ए' (रोमन मोठं ए) वापरावं. विंडोजमधून आलेल्या ओळींच्या शेवटी जो जास्तीचा १३ असतो तोही त्यात ^एम म्हणून दिसतो.

टेलिटाइपच्या काळातली एक कळ अजून माणसाला घाबरवते, ती कंट्रोल-एस. ती दाबली गेली की पडदा गोठतो. यंत्राला थांबायला सांगायची ती जुनी खूण आहे. कंट्रोल-क्यू दाबलं की पुन्हा सुरू होतं. कित्येकांनी या एका कळेपायी संगणक बंद करून सगळं काम घालवलं आहे.

शिक्क्याबद्दल आणखी एक. मोर्तबाचा शिक्का खोटा करता येत असे, तसा हाही करता येतो. एखाद्या पानावरून कॉपी केलेल्या मजकुरात कुणी आधीच २०१ ची खूण लपवली असेल तर शेलला वाटेल पेस्ट संपली, आणि त्यापुढची ओळ ते बोटांनी टाइप केलेली समजून चालवेल. म्हणून चांगली टर्मिनल पेस्टमधले असे एस्केप गाळून टाकतात. पण जुन्या टर्मिनलमध्ये अनोळखी पानावरचा मजकूर थेट शेलमध्ये टाकायचा नाही. ही सवय मी कटाक्षानं पाळतो आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला लावतो.

संध्याकाळी पाऊस थांबला. चार दिवसांपूर्वीच्या प्रतीवरून तिनं यादी पुन्हा उभी केली होती. मधल्या चाळीसेक नोंदी परत मोडी कागदावरून वाचायच्या राहिल्या होत्या. मी तिला लॅपटॉपवर नवं बॅश उघडायला सांगितलं आणि आदल्या दिवशीच्या त्याच वीस ओळी तिथं मुद्दाम पेस्ट करायला सांगितल्या. ती बिचकली. मी म्हणालो, कर.

ओळी आल्या आणि थांबल्या. नव्या बॅशमध्ये डकवलेला मजकूर उलट्या रंगात उठून दिसतो. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं, वीसच्या वीस ओळी, एकही चाललेली नाही. ती पुढं झुकून वाचू लागली. अकराव्या ओळीवर बोट ठेवून तिनं मला दाखवलं: जमा > यादी. मग तिची नजर दोन ओळी खाली गेली. "काका, हे 'कुळ' नाही, 'कूळ' आहे. कागदावर संदर्भ पुन्हा पाहायला हवा." तिनं कंट्रोल-सी दाबलं, ओळी सोडून दिल्या, आणि कापडाची गाठ सोडायला घेतली.